ज्यांनी प्रकल्प उभा केला, त्यांनाच बाजूला कसं करायचं?

पत्र

मी एका ओपन सोर्स लायब्ररीचा (कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या तयार कोडचा) मेंटेनर, म्हणजे देखभाल करणारा आहे. संस्थापक धरून आम्ही सहा जण. शेवटचा शब्द आजही संस्थापकांचाच. कोड त्यांच्याइतका कुणालाच कळत नाही, हे मान्य. पण रिव्ह्यू करताना, म्हणजे दुसऱ्याचा कोड तपासताना, ते माणसाची सालटी काढतात. अलीकडे एका नव्या मुलीच्या पुल रिक्वेस्टवर (आपला कोड प्रकल्पात घ्या, या विनंतीवर) त्यांनी सगळ्यांसमोर लिहिलं, ‘असलं लिहिणाऱ्याने कीबोर्डला हात लावू नये.’ ती गेली. तिच्याआधी आणखी दोघं असेच गेले. आम्ही मर्ज केलेलं, म्हणजे मूळ कोडमध्ये सामील केलेलं, कामही ते न विचारता उलटवतात. मी एकदा खासगीत विषय काढला, तर म्हणाले, ‘मी कोडवर बोलतो, माणसावर नाही.’

आता चौघांना ते नको आहेत. त्यांनी तक्रारींची यादी केली आहे: एक, अपमान, दोन, मनमानी, तीन, वैयक्तिक खात्यावरची राजकीय मतं. पाचवा मी. हे काम मला त्यांनीच शिकवलं. रिपॉझिटरी (कोड ठेवायची जागा), डोमेन (साइटचा पत्ता), रिलीजची (नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याची) किल्ली, सगळं त्यांच्याच नावावर. त्यांना काढणं कृतघ्नपणा होईल का? आणि काढायचं म्हटलं तरी जमेल का?

— अधांतरी मेंटेनर

उत्तर

यादीतली तिसरी तक्रार आधी खोडा, मग पुढचं बोलू.

संस्थापकांची मतं तुम्हाला पटत नसतील, चौघांना पटत नसतील, कदाचित मलाही पटणार नाहीत. पण ती त्यांनी प्रकल्पात आणलेली नाहीत, कुणा कॉन्ट्रिब्यूटरला उद्देशून लिहिलेली नाहीत, त्यावरून कुणाचं काम अडवलेलं नाही. निदान तुमच्या पत्रात तसं काही नाही. तसं असेल तर त्याला मत म्हणायचं कारण नाही. ते वागणं झालं आणि ते यादीत सर्वांत वर यायला हवं. नसेल, तर ही एक ओळ तुमच्या खऱ्या दोन तक्रारी बुडवेल. संस्थापकांच्या बाजूचे लोक नेमके हिच्यावर तुटून पडतील, कीबोर्डचं वाक्य राहील बाजूला आणि भांडण होईल विचारस्वातंत्र्यावर.

२०१४ मध्ये जावास्क्रिप्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचे जनक ब्रेंडन आइक, फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाचे सीईओ झाले आणि दोन आठवड्यांच्या आत पायउतार झाले. समलिंगी विवाहाला विरोध करणाऱ्या कॅलिफोर्नियातल्या प्रस्तावासाठी त्यांनी २००८ मध्ये एक हजार डॉलर दिले होते. पगारी माणसं ज्याच्या हाताखाली काम करतात त्याच्या अशा कृतीची झळ त्यांना लागते, असा युक्तिवाद तिथे निदान करता येत होता. तरीही तो वाद आजवर मिटलेला नाही. सहा जणांच्या लायब्ररीने तो अंगावर ओढून घेण्यात शहाणपण नाही.

उरलेल्या दोन तक्रारी मात्र खऱ्या आहेत आणि गंभीर आहेत. तेव्हा संस्थापकांकडून नेमकं काय काढून घ्यायचं, ते आता ठरवा. त्यांच्या हातात आज चार गोष्टी आहेत: शेवटचा निर्णय, किल्ल्या, रिव्ह्यूमध्ये लिहिण्याची जागा आणि मान. चौघं या चारही एका झटक्यात काढायला निघालेत. तुम्ही चारही वाचवायला बघताय, म्हणून अधांतरी आहात. ज्या अधिकारातून त्रास होतोय तेवढाच अधिकार जायला हवा. अपमान होतो नव्या लोकांच्या रिव्ह्यूमध्ये. तो रिव्ह्यू त्यांच्याकडून काढा. मनमानी होते शेवटच्या शब्दातून. तो शब्द एकट्याचा राहू नये. मानाला हात लावायचं काही कारण मला दिसत नाही. ‘संस्थापक’ हे नाव त्यांचंच राहील आणि राहू दे.

अशा मोजक्या कारवाईची उदाहरणं आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये लिनक्स कर्नलच्या (लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) आचारसंहिता समितीने एका फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइल्स ठेवणाऱ्या भागाच्या, मेंटेनरचा सहभाग फक्त ६.१३ या आवृत्तीच्या चक्रापुरता रोखण्याची शिफारस केली. कायमची बंदी नाही, कोड काढणं नाही. एक चक्र बाहेर, एवढंच. तेवढ्याने ते प्रकरण निवळलं असं मी म्हणणार नाही. पुढच्या वर्षी ती फाइल सिस्टिम कर्नलबाहेर गेली. पण पहिली पायरी लहान होती, म्हणून दुसरी पायरी घेताना ‘तुम्हाला आधीपासून काढायचंच होतं’ हा आरोप करणं अवघड झालं.

आता कृतज्ञतेचं. ती तुमची आणि त्यांची आपसातली गोष्ट आहे. त्यांनी तुम्हाला घडवलं असेल तर ते ऋण तुमच्या खिशातून फेडा. वेळ द्या, जाहीर आभार माना, त्यांच्या अडचणीला धावून जा. पण त्या मुलीला सहन करायला लावून तुमचं ऋण फिटत नाही. ती तुमच्या हिशोबात कुठेच नाही.

‘कोड त्यांच्याइतका कुणालाच कळत नाही’ असंही लिहिलंय तुम्ही. कसा कळेल? शिकायला आलेली माणसं एकेक करून निघून गेली. तीन गेलेली तुम्हाला माहीत आहेत. पुल रिक्वेस्टवरचं ते संभाषण वाचून जी आलीच नाहीत, ती कुणी मोजणार नाही. कर्नलमध्ये २०१३ साली एका मेंटेनरने उद्धट भाषेला जाहीर हरकत घेतली होती आणि २०१५ मध्ये कर्नलचं काम सोडत असल्याचं सांगितलं. कर्नलचे जनक आणि प्रमुख लिनस टॉरव्हाल्ड्स यांची माफी आली २०१८ मध्ये. मधल्या काळात गेलेल्यांना त्या माफीचा काय उपयोग?

कोड आणि माणूस वेगळे ठेवता येतात, हेही विसरू नका. रायझरएफएस या फाइल सिस्टिमचा कर्ता २००८ मध्ये खुनाच्या गुन्ह्यात दोषी ठरला. (तुमच्या प्रकरणाशी त्याची तुलना नाही, हे सांगायला नकोच.) त्याचा कोड कर्नलमध्ये पुढे कित्येक वर्षं होता. २०२२ मध्ये तो मोडीत काढायचं ठरलं आणि २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या ६.१३ मध्ये तो निघाला, तोही देखभाल करणारं कुणी नाही आणि वापरणारे फारसे उरले नाहीत म्हणून. तुमचे संस्थापक उद्या रिव्ह्यू करेनासे झाले तरी त्यांनी लिहिलेली एक ओळसुद्धा पुसावी लागणार नाही.

बैठक बोलावण्याआधी त्यांच्याशी एकदा नीट बोला. तुम्हीच बोला, कारण चौघांचं ते ऐकणार नाहीत. मागचं खासगी बोलणं जमेला धरू नका. तुम्ही आडून सुचवलं असेल आणि त्यांनी उडवून लावलं असेल, असा माझा अंदाज आहे. या वेळी समोर कागद ठेवा: तारीख, दुवा, त्यांचं शब्दशः वाक्य आणि त्यानंतर काय झालं. विशेषणं नकोत, ‘तुम्ही नेहमीच’ नको. ‘मी कोडवर बोलतो’ या म्हणण्याला उत्तर त्यांच्याच वाक्यात आहे: कीबोर्डला हात कोड लावत नाही, माणूस लावतो. आणि मागणी नेमकी ठेवा. नव्यांचे रिव्ह्यू अमुक महिने दुसऱ्यांकडे. मर्ज झालेलं उलटवायचं तर दोघांची संमती. ‘जरा सौम्य वागा’ अशी मागणी करू नका. तिचा भंग कधी सिद्धच करता येत नाही.

याने माणूस बदलतो का? कधीकधी. लिनस टॉरव्हाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागितली, कामातून काही काळ बाजूला झाले आणि ४.१९ ही आवृत्ती ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी पार पाडली. कर्नलने त्याच सुमारास जुनी ‘संघर्षसंहिता’ सोडून आचारसंहिता स्वीकारली. महिन्याभराने ते परतले. त्यांना कुणी काढलं नव्हतं. पण त्या महिन्याभरात एक गोष्ट सगळ्यांना कळली: कर्नल त्यांच्याशिवाय चालतो. तुमच्या संस्थापकांनी असं काही स्वतःहून केलं तर सुंठीवाचून खोकला जाईल. मी मात्र त्यावर विसंबून राहणार नाही.

त्यांनी नाही म्हटलं तर निर्णय कुणी घ्यायचा? चौघांकडे मतं आहेत, पण नियम आहे का? मला शंका आहे. नियम नसताना केलेलं मतदान म्हणजे नुसती गर्दी. सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएस या प्रकल्पात २०१७ साली तांत्रिक समितीच्या एका सदस्याला काढण्याचा प्रस्ताव समितीपुढेच मतदानाला आला आणि फेटाळला गेला. नाराज लोक बाहेर पडले, काहींनी आयो नावाचा फोर्क (तोच कोड घेऊन वेगळा प्रकल्प) काढला, तो फार टिकला नाही. हरलेल्यांचंही समाधान झालं नाही आणि जिंकलेल्यांचंही. समितीनेच आपल्या सदस्याचा न्याय करायचा म्हटला की निकाल काहीही लागो, कुणाचाच विश्वास बसत नाही.

याच्या उलट टोकाला रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेचं प्रकरण. तिथे आचारसंहिता होती, ती राबवणारी टीमही होती. पण नोव्हेंबर २०२१ मध्ये त्या अख्ख्या टीमने एकदम राजीनामे दिले. त्यांचं म्हणणं होतं की कोअर टीम स्वतःखेरीज कुणालाच उत्तरदायी नाही, त्यामुळे तिच्यावर नियम लावता येत नाहीत. रस्टला कारभाराची घडीच बदलावी लागली. २०२३ मध्ये कोअर टीमच्या जागी नेतृत्व परिषद आली. सगळ्यांत वरच्या माणसाला लागू होत नाही असा नियम लिहिण्याच्या भानगडीत पडू नका.

म्हणून आधी कागद करा, मग माणसाचा विषय. फार लांबलचक नको. मेंटेनर कसा होतो, अधिकार कसा जातो, किती मतं लागतात, ज्याच्याबद्दल निर्णय आहे त्याला मत असतं का, त्याचं म्हणणं केव्हा ऐकायचं. हे लिहिताना संस्थापकांना डोळ्यासमोर ठेवू नका, स्वतःला ठेवा: उद्या माझ्याविरुद्ध तक्रार आली तर ही रीत मला मान्य असेल का? डेबियन या लिनक्सवर आधारलेल्या सिस्टिमच्या प्रकल्पात प्रमुख दरवर्षी निवडला जातो आणि मुदतीआधी त्याला परत बोलावण्याचा हक्क संविधानानेच डेव्हलपरांना दिला आहे. पायथन या भाषेचे जनक ग्विडो व्हॅन रॉसम २०१८ च्या जुलैमध्ये स्वतःहून आजन्म नेतेपदावरून उतरले, त्यानंतर पाच जणांची निवडून आलेली परिषद आली. तिच्यात एका कंपनीचे दोनपेक्षा जास्त लोक चालत नाहीत आणि दोन तृतीयांश मतांनी तिच्यावर अविश्वास आणता येतो. तुमच्या आकाराला एवढा बारदाना लागणार नाही, पण त्यांचे कागद उघडे आहेत, हवं ते उचला. प्रकल्पाबाहेरचे दोघं-तिघं, ज्यांना दोन्ही बाजू मान देतात, तक्रार ऐकायला घेता आले तर फारच उत्तम.

आता किल्ल्या. तुमच्या पत्रातला सगळ्यांत अडचणीचा मुद्दा तुम्ही शेवटच्या ओळीत टाकलाय. बाकी सगळं रीतसर झालं आणि डोमेन त्यांच्याच खात्यात राहिलं, तर तुमचा ठराव म्हणजे कोरा कागद.

वेबसाइट बनवण्याच्या वर्डप्रेस या सॉफ्टवेअरकडे बघा. २०२४ मध्ये त्याचे सहसंस्थापक मॅट मुलनवेग आणि डब्ल्यूपी इंजिन या होस्टिंग कंपनीत जुंपली. मुलनवेग यांनी वर्डप्रेस डॉट ऑर्गचे दरवाजे त्या कंपनीला बंद केले आणि तिचं एक लोकप्रिय प्लगइनही तिथे ताब्यात घेतलं. डिसेंबरमध्ये कोर्टाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. कोण बरोबर यात मी शिरत नाही. पण जगभरच्या असंख्य साइट्स जिथून अपडेट घेतात ती जागा कुणा संस्थेची नसून मुलनवेग यांची वैयक्तिक आहे, हे अनेकांना तेव्हा पहिल्यांदा कळलं. चिडलेल्या माणसाच्या हातातली लहानशी किल्लीही पुरते: २०१६ च्या मार्चमध्ये एका डेव्हलपरने रागाच्या भरात एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजेसच्या सार्वजनिक कोठारावरून आपली पॅकेजेस काढून घेतली, त्यात लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज होतं आणि ठिकठिकाणचे बिल्ड (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करण्याचं काम) कोसळले.

तेव्हा किल्ल्यांचा विषय भांडणापासून तोडा आणि आत्ताच काढा. संस्थापकांना सांगा की उद्या तुम्ही आजारी पडलात तर आमच्यापैकी कुणाला रिलीज काढता येणार नाही. हे खरंच आहे, यात काही कावा नाही. रिपॉझिटरीचे मालक किमान तीन हवेत. पॅकेज रजिस्ट्रीवर, म्हणजे लोक लायब्ररी जिथून उतरवून घेतात तिथे, दुसरं खातं हवं. डोमेन कुणा व्यक्तीच्या नावावर नको. ओपन सोर्स प्रकल्पांसाठी डोमेन, ट्रेडमार्क आणि पैसे सांभाळणाऱ्या ना-नफा संस्था असतात, तिथे अर्ज करा. रिलीजवर डिजिटल सही करण्याची किल्ली दोघांकडे हवी. यातलं निम्मं ते बहुधा खुशीने करतील. हट्टी लोकांनाही आपलं काम आपल्यामागे टिकावं असं वाटतं.

पण किल्ल्या कुणाच्या हातात जाताहेत तेही बघा. एक्सझेड या फाइल्स आकुंचित करणाऱ्या सॉफ्टवेअरचं प्रकरण फार जुनं नाही. थकलेल्या, एकट्या मेंटेनरवर ‘जमत नसेल तर दुसऱ्याला द्या’ असा दबाव आणला गेला. मदतीला आलेल्या तत्पर कॉन्ट्रिब्यूटरच्या हाती हळूहळू अधिकार गेले आणि २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा घुसवला गेला. एसएसएच लॉगिनला (दूरच्या संगणकात सुरक्षितपणे शिरायला) अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न आंद्रेस फ्रॉइंड या डेव्हलपरला पडला म्हणून तो सापडला. तुमच्या चौघांवर मी संशय घेत नाही. पण संस्थापकांना हटवा म्हणून सर्वांत मोठ्याने ओरडणारी खाती गेल्या काही महिन्यांतच उगवली असतील, तर त्यांना मेंटेनर करण्याची घाई नको.

निर्णय झाल्यावर जाहीर काय सांगायचं, यावर लोक फार घोळ घालतात. कमी सांगितलं तर अफवा, जास्त सांगितलं तर तमाशा. ड्रुपल या वेबसाइट बनवण्याच्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पात २०१७ साली एका जुन्या कार्यकर्त्याला भूमिका सोडायला सांगितली गेली. खासगी आयुष्यामुळे ही कारवाई झाल्याचा आरोप झाला, बाजू घेणारे दोन्हीकडे उभे राहिले आणि समाज बराच काळ धुमसत राहिला. तुमच्याकडे सुदैवाने सगळं उघड्यावर घडलं आहे. चार वाक्यं पुरेत: कोणत्या वागण्यामुळे, कोणता अधिकार, किती काळासाठी, कुणी ठरवलं. त्या मुलीचं नाव घालू नका, तिने स्वतः सांगितल्याखेरीज तिच्या जुन्या पुल रिक्वेस्टचा दुवाही देऊ नका. आणि आभाराचं वाक्य तोंडदेखलं वाटेल असं असेल तर वेगळ्या दिवशी वेगळं लिहा.

परत येण्याचंही आत्ताच लिहून ठेवा. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर २०१९ मध्ये एमआयटी सोडलं आणि आपणच स्थापलेल्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनचं अध्यक्षपदही. मार्च २०२१ मध्ये ते संचालक मंडळावर परतल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं, तेव्हा मोठा गहजब झाला. त्यांना हटवा म्हणून एक खुलं पत्र, त्यांच्या पाठिंब्याचं दुसरं. रेड हॅट या लिनक्स कंपनीने फाउंडेशनची मदत थांबवली. डेबियनने मतदान घेतलं आणि निकाल लागला की प्रकल्प म्हणून आपण काहीच निवेदन काढायचं नाही. ते परतावेत की नाही यावर माझं मत इथे महत्त्वाचं नाही. कोणत्या अटींवर, कुणाला विचारून परतायचं, हे २०१९ मध्ये ठरलेलं असतं तर निदान एक भांडण कमी झालं असतं. तुम्ही लिहा: सहा महिन्यांनी पुनर्विचार, तो कोण करणार, कशाच्या आधारावर.

आणि ते रागावून निघून गेले तर? जाऊ शकतात. कोडवर सगळ्यांचाच हक्क आहे, त्यात तेही आले. थिओ डी राट नेटबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमचे एक संस्थापक. डिसेंबर १९९४ मध्ये सहकाऱ्यांनी त्यांच्या वागण्याचं कारण देत त्यांना बाहेर काढलं. पुढच्या वर्षी त्यांनी ओपनबीएसडी ही वेगळी सिस्टिम सुरू केली, त्यातून १९९९ मध्ये ओपनएसएसएच हे एसएसएचचं सॉफ्टवेअर आलं, आणि आज सर्व्हरवर काम करणारा जवळपास प्रत्येकजण ते वापरतो. नेटबीएसडीही बंद पडलं नाही. दोन्ही बाजू आपापल्या जागी कामाला लागल्या. माझ्या मते ही काही वाईट अखेर नव्हे.

उलटही होऊ शकतं: ते किल्ल्या धरून बसतील आणि फोर्क तुम्हालाच काढावा लागेल. तसं झालं तर नावासाठी लढू नका. ओपनऑफिस या कार्यालयीन सॉफ्टवेअरमधल्या लोकांनी २०१० मध्ये नाव सोडून लिबरऑफिस काढलं. हडसन या बिल्ड आपोआप चालवणाऱ्या साधनाच्या नावावर ओरॅकल कंपनीने हक्क सांगितला तेव्हा डेव्हलपर २०११ मध्ये जेनकिन्स या नावाने पुढे गेले. दोन्हीकडे लोक कोडच्या आणि माणसांच्या मागे गेले. नवं नाव आधी नोंदवा, जुन्यावरून नव्यावर कसं यायचं ते एका पानात लिहा, लायसन्समधली आणि इतिहासातली संस्थापकांची नावं जशीच्या तशी ठेवा, आणि पहिला रिलीज काढण्याआधी मर्जचा अधिकार कुणाकुणाला आहे ते त्याच पानावर टाका.